‘तुर्की हमाम टॉवेल’ घेताना बाण्याचा (आडवा) धागा तपासा: बेळगावातल्या सेलचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावात हॉल भाड्याने घेऊन सेल लागतात. टिळकवाडीतल्या अशाच एका सेलमध्ये ‘तुर्की हमाम टॉवेल, शंभर टक्के कॉटन’ म्हणून जो माल विकला गेला, तो शंभर टक्के कॉटन नव्हता. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत तो आला आहे. स्टॉलवाले आता निपाणी, चिकोडी, खानापूरला किंवा हद्दीपलीकडे गडहिंग्लज-कोल्हापूरला बसले असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हा टॉवेल लोक का घेतात ते सांगते, कारण गरज खरी आहे. आपण एरवी टर्किश टॉवेल म्हणतो तो जाड, धाग्याचे फास उभे असलेला. बेळगाव-खानापूरच्या पावसात तो दोरीवर वाळतच नाही, दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. भिजला की इतका जड होतो की आमच्या सासूबाईंना हाताने पिळवत नाही. तुर्कस्तानातल्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, वापरतात तो पेश्तमाल सपाट विणीचा असतो. फास नाहीत, आपल्या पंचासारखा पातळ, साधारण एक मीटर रुंद आणि पावणेदोन-एक मीटर लांब, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या दशा. तिथल्या डेनिझली भागात, विशेषतः बुलदान गावात, तो विणायची जुनी परंपरा आहे. चांगला सुती पेश्तमाल पाणी ओढतो, घडी लहान होते आणि घरातल्या पंख्याखालीही लवकर वाळतो. आमच्यासारख्या पावसाच्या गावात ही वस्तू सोन्यासारखी.

स्टॉलवर एक टॉवेल उघडा टांगला होता. विक्रेता त्यावर बाटलीतलं पाणी ओतायचा आणि पाणी क्षणात आत जिरायचं. ‘बघा काकू, एक थेंब खाली नाही.’ छापील किंमत १,८९९, सेलचा भाव ६५०. मी चार घेतले. हातात आली ती बंद प्लास्टिकची पाकिटं. ‘पाकीट फोडलं तर माल परत लागत नाही,’ म्हणून फोडू दिलं नाही. बिल मागितलं तर ‘बिलबुक संपलंय, फोनपेचा मेसेज हेच बिल.’

घरी पहिल्या अंघोळीला पाणी अंगावरून नुसतं सरकलं. टॉवेल ओला होतो, अंग कोरडं होत नाही. सासूबाईंच्या पाठीवर फिरवला तर पाणी इकडून तिकडे ढकलल्यागत झालं. सेल चालू होता तोवरच मी फोन केला आणि उत्तर मिळालं ते असं: ‘काकू, ओरिजिनल तुर्की मालाचं असंच असतं. रात्रभर गार पाण्यात भिजवा, तीन-चार वेळा धुवा, मग बघा.’

माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे, कारण ते निम्मं खरं आहे. नव्या सुती कापडावर खळ असते, वरून मऊपणासाठी लावलेला थर असतो, त्यामुळे सुरुवातीला ते पाणी कमी ओढतं. खरा पेश्तमालही आधी गार पाण्यात भिजवून ठेवतात, दोन-तीन धुण्यांनंतर तो खुलतो. पण प्रत्येक धुण्याला फरक दिसला पाहिजे. पॉलिएस्टरचा धागा पन्नास वेळा धुतला तरी पाणी पीत नाही. कापूस हवेतली ओलसुद्धा आपल्या वजनाच्या आठेक टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. धुण्याने हे कसं बदलणार? ‘धुऊन बघा’ म्हणत त्यांनी सेल संपेपर्यंतचे दिवस काढून घेतले. मी सांगितलं तसं भिजवत-धुवत राहिले, तोवर हॉल रिकामा झाला होता आणि फोन बंद.

टॉवेलच्या दशेतला एक धागा तोडून मी काडी लावून पाहिला. तो कागदासारखा जळला, करडी राख पडली. म्हणजे कापूसच, असं वाटलं. पण मन मानेना, म्हणून वडगावला आमच्या ओळखीच्या विणकर मामांकडे टॉवेल घेऊन गेले. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात घरोघरी माग चाललेले आहेत, कापडाची पारख तिथे हातातच असते.

मामांनी टॉवेल उजेडासमोर धरला, अंगठ्याने चोळला आणि म्हणाले, ‘वैनी, दशा जाळून काय कळणार? दशा म्हणजे ताण्याची, उभ्या धाग्यांची टोकं. बाण्याचा धागा काढा की.’ त्यांनी काठ जरा उसवून सुईच्या टोकाने एक आडवा धागा बाहेर ओढला आणि चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला. ज्योत लागायच्या आतच धागा आक्रसून मागे पळाला. मग वितळला, काळा धूर निघाला, प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि टोकाला मोहरीपेक्षा लहान काळी गाठ उरली. गार झाल्यावर मी ती नखाने दाबून पाहिली, फुटली नाही. उभे धागे कापसाचे, आडवे सगळे पॉलिएस्टरचे. गिऱ्हाईक तपासून तपासून दशाच तपासणार, हे विणवून घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार.

शेजारच्या वहिनींनी हट्टाने तो टांगलेला उघडा टॉवेलच घेतला होता. त्याचाही आडवा धागा मामांकडून जाळून घेतला. तो साफ जळला, बोटाने चुरल्यावर राखेची भुकटी झाली. म्हणजे दाखवायला सुती आणि पाकिटात मिसळीचा. हे नजरचुकीने होत नाही.

त्यामुळे असा टॉवेल घ्यायचाच असेल तर जो पाकिटात देणार तोच उघडून मागा. दुकानात जाळून बघू देणार नाहीत, पण पाण्याचा थेंब टाकू देतील. नव्या सुती कापडावरही थेंब जरा वेळ थांबतो, म्हणून एवढ्यावरच निकाल लावू नका. न धुता परत करता येईल असं बिलावर लिहून घ्या आणि घरी आल्याबरोबर ताण्याचा एक, बाण्याचा एक, असे दोन्ही धागे जाळून बघा. वाटीभर पाणी जवळ ठेवून, चिमट्यात धरून. वितळलेलं पॉलिएस्टर बोटाला चिकटलं तर कातडी सोलते. माल खरा निघाला तर धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो. आणि अंग पुसताना घासू नका, गुंडाळून दाबा. सपाट वीण दाबल्यावरच नीट पाणी घेते.

पाकिटाकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघते. बाहेरून आणलेल्या पाकीटबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशातला माल, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. आमच्या पाकिटावर फक्त किंमत होती आणि अर्धचंद्राचं चित्र. एवढ्यावरूनच माल परत ठेवायला हवा.

पैसे मला अजून मिळालेले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. विक्रेत्याचा पत्ता नसल्याने अडतंय. हॉलवाल्यांनी नाव द्यायला नकार दिला, पण पैसे ज्या खात्यावर गेले त्याचं नाव फोनमध्ये आहे, त्यावरून पुढचं चालू आहे. ज्यांनी घेतलेत त्यांनी पाकीट आणि पैसे दिल्याचा मेसेज टाकून देऊ नका. ‘ते लोक तिकडचे, महाराष्ट्रात गेले, आता काय करणार’ असं इथे जो तो म्हणतोय. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता हद्दीपलीकडे असला तरी आपण बेळगावातच अर्ज देऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आम्ही गल्लीतल्या बायका मिळून अर्ज तयार करतोय.

पाकीट ओळखायला सोपं आहे: जाड पारदर्शक प्लास्टिक, वर चेन, आत खाकी पुठ्ठा, निळ्या-पांढऱ्या किंवा विटकरी पट्ट्यांचा टॉवेल, आणि कोपऱ्यात शिवलेली ‘१०० टक्के कॉटन’ची पांढरी चिठ्ठी. कुणी घेतला असेल तर कुठे आणि कोणत्या तारखेला घेतला ते कळवा, अर्जात जोडता येईल.