शिंगाची जुनी ऐरण की रुळाचा तुकडा?

चोपड्याच्या भाच्याने दोन फोटो पाठवले. एकात भंगारातली जुनी इंग्लिश ऐरण, दुसऱ्यात रुळाचा दीड फूट तुकडा. "मामा, कोणती उचलू?"

आधी वजन. ऐरणीच्या कुशीवर १-२-१० असे आकडे आहेत. ते किलो नव्हेत. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ चा, तिसरा सुटे पौंड. एकूण १७८, म्हणजे ८१ किलोच्या आसपास. रूळ मीटरला ६० किलो भरणारा असला तरी दीड फुटात २७ किलोच भरतो. आडवा ठेवला तर घणाखाली उड्या मारतो. उभा गाडला की घाव थेट खाली उतरतो, पण माथा अगदी चिंचोळा.

पोलाद ओळखायला बेअरिंगचा छर्रा हातभर उंचीवरून ऐरणीच्या तोंडावर, म्हणजे वरच्या सपाट भागावर टाक. बराच वर उसळला तर तोंड कडक. धप्प बसला तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नाहीतर आगीत नरम पडलेली. कडा थोड्या झडल्या असल्या तरी चालतील. ग्राइंडरने चकचकीत केलेलं तोंड मात्र मला नको, कडक थर तिथेच संपतो. आणि नवा रंग दिसला की मी आधी खरवडतो.

भुसावळच्या आसपास रूळ घेताना लिलावाची पावती बघच. रेल्वेच्या मालाच्या बेकायदा ताब्यावर १९६६ चा कायदा आहे.

विळे, खुरपी, हात बसवणं एवढंच असेल तर पावतीचा रूळ पुरे. वखराची पास, कुऱ्हाडी रोज ठोकायच्या असतील तर ऐरण घे, छर्रा उसळला तरच.