खानापूर पट्ट्यातली शेळी-वाटप योजना: घ्यावी का?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर चर्चच्या आधारानं एक छोटं सेवाकार्य चालतं. वाड्यांवरच्या घरांच्या संघातल्या गरजू घराला ते दोन शेळ्या देतं. कर्ज नाही, व्याज नाही. परतफेडीची अट एकच: दोन वर्षांत सहा-सहा महिन्यांच्या दोन धडधाकट पाटी (शेळीची मादी करडं) संघातल्या पुढच्या घराला द्यायच्या. त्यानंतर गोठ्यातलं सगळं आपलं.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या ब्रेदरन चर्चचे डॅन वेस्ट यांनी १९४४ साली गरीब कुटुंबांना गाभण कालवडी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पहिली कालवड दुसऱ्याला देण्याची अट घातली होती. आपल्याकडच्या अर्धलीशी, म्हणजे दुसऱ्याचं जनावर निम्म्या वाट्यानं पाळण्याच्या रीतीशी, ती जुळते, पण अर्धलीत मालकाचा वाटा सुटत नाही, इथं दोन पाटी दिल्या की सुटका होते. हिशेबही जमतो. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं (बाळंतपणं) होतात. दोन शेळ्यांची सहा वेतं, वेताला एक-दोन करडं. थोडी दगावली तरी सात-आठ राहतात आणि त्यांत निम्म्या पाटी. दोन पुढं गेल्या तरी दोन घरी राहतात, बोकड विकून हातात पैसे येतात.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात सगळा खेळ माचाणावर, म्हणजे शेळ्यांना जमिनीपासून उंच ठेवणाऱ्या बांबूच्या मांडवावर आहे, आणि या सेवाकार्यातल्या मंडळींचं सर्वांत चांगलं काम तेच. माचाण पाहिल्याशिवाय ती शेळी देत नाहीत. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर जमीन वाळतच नाही. खालच्या ओलीनं खूर सडतात, लेंड्या-मुतात बसून शेळ्यांना खोकला लागतो. दोन शेळ्या आणि त्यांच्या करडांना ८ बाय ५ फुटांचं माचाण पुरतं. उंची साडेतीन फूट हवी, म्हणजे खाली वाकून लेंड्या ओढता येतात. बांबूच्या दोन पट्ट्यांत अर्ध्या इंचाची फट ठेवायची. फट मोठी झाली की करडाचा पाय अडकून मोडतो. फार बारीक झाली की लेंड्या वरच चिकटतात आणि उग्र वास डोळ्यांना झोंबतो. छपराची पडवी दोन फूट पुढं काढायची आणि पश्चिमेची बाजू तट्ट्यांनी बंद करायची, कारण पावसाचा मारा तिकडूनच येतो. बांबू पाऊस संपल्यावर, थंडीत तोडलेला असावा आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग वाळवलेला. घाईत हिरवा बांबू वापरला तर तो भुंगा लागून पोखरतो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात खाली बसतो.

लसीकरणात ही मंडळी कशी उपयोगी पडतात, ते बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस पूड स्वरूपात असते आणि एका बाटलीत बऱ्याच मात्रा असतात. ती पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. दोन शेळ्या असलेल्या बाईसाठी एवढी बाटली कोण फोडणार? इथं चर्चच्या सिस्टर आणि पशुसखी (जनावरांची प्राथमिक देखभाल शिकलेली गावातली बाई) आधी यादी करतात, तीन-चार वाड्यांच्या शेळ्या एका अंगणात जमवतात आणि मग सरकारी पशुवैद्यकाला बोलावतात. बर्फाचा डबा, सुया, खडू सगळं तयार असतं. टोचलेल्या शेळीच्या पाठीवर खडूची रेघ ओढतात, म्हणजे कोणी सुटत नाही की दोनदा टोचलं जात नाही. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या रोगाची) लस मात्र वेगळी. ती दरवर्षी पावसाआधी द्यायची, पहिल्यांदा देताना १५ दिवसांनी पुन्हा. ही दुसरी मात्रा बऱ्याच घरांत राहून जाते. मग कोवळा पाला भरपूर मिळू लागला की चांगली गुबगुबीत करडं रातोरात मरतात आणि नजर लागली म्हणतात.

जंताच्या औषधाबाबत थोडी नाराजी आहे. सगळ्या शेळ्यांना एकाच मापानं औषध पाजतात. ते वजनावर द्यायला हवं. ३५ किलोच्या शेळीला २० किलोची मात्रा दिली तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. काटा संघाकडे आहे, तो वापरावा. पाजताना तोंड आकाशाकडे करू नये, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. जबडा जमिनीला समांतर ठेवून गालाच्या कडेनं सावकाश सोडायचं. नुकत्याच फळलेल्या (गाभण राहिलेल्या) शेळीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊच नये. खुरांसाठी ही मंडळी मोरचुदाचं पाणी करायला शिकवतात, ते उत्तम: १० लिटर पाण्यात अर्धा किलो, प्लास्टिकच्या घमेल्यात, आणि शेळीला आधी पाणी पाजून मगच त्यात उभी करायची. तहानेली असेल तर ती तेच पिते आणि मरते.

खरी उणीव बोकडाची. पाच-सहा वाड्यांत मिळून एकच बोकड आहे. शेळीचा माज (बोकड घेण्याची वेळ) दीड दिवसाच्या आत ओसरतो. शेपूट हलवत ओरडू लागली की साधारण १२ तासांनी बोकडाकडे न्यायला हवी. बोकड दोन डोंगरांपलीकडे असला तर तो माज वाया जातो आणि तीन आठवडे थांबावं लागतं. असे दोन-तीन माज चुकले की अख्खं वेत हुकतं आणि दोन वर्षांची मुदत उगाच अंगावर येते. शिवाय तोच बोकड दोन वर्षांहून जास्त ठेवला तर तो आपल्याच पाटींवर जातो, करडं किडकिडीत निपजतात. बोकडांची गावागावांत अदलाबदल व्हायलाच हवी.

दुसरी उणीव वाटपाच्या वेळेची. दिवाळीनंतर दिलेल्या शेळ्या लगेच फळल्या तर मार्च-एप्रिलात वितात आणि पावसापर्यंत करडं सावरतात. एक खेप मात्र ऐन मृगाच्या तोंडावर आली, तीही बाजारातून घेतलेली. प्रवासानं थकलेल्या, नव्या पाल्याला न सरावलेल्या शेळ्या पहिल्याच झडीत हगवणीनं आजारी पडल्या. खेप वेशीवरच तीन आठवडे वेगळी ठेवायला हवी होती.

तिसरी गोष्ट कागदांची. विम्याचे अर्ज कन्नडमध्ये असतात, बायकांना वाचता येतं ते मराठी. कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवायचं असतं, बिल्ल्याविना विमा मिळणं अवघड, हे त्यांना कोणी धड सांगितलेलं नसतं. संघाची वही मराठीत आहे, तसा अर्जाचा मराठी खुलासाही एका पानावर द्यावा.

धर्माचा प्रश्न सगळेच विचारतात. बैठकीची सुरुवात छोट्या प्रार्थनेनं होते, ज्याला बसायचं तो बसतो. लाभार्थ्यांची यादी भर बैठकीत वाचून ठरते आणि तीत सगळ्या समाजांची घरं आहेत. शेळीसोबत धर्माची कुठलीही अट नाही.

बोकड विकताना संघाचा लटकता काटा अंगणात टांगा. व्यापारी नजरेनं भाव करतो, आणि त्याची नजर नेहमी दोन-तीन किलो कमीच पाहते. यात्रा किंवा बकरी ईदच्या महिनाभर आधी वजन करून ठेवा.

नाव घालायचं असेल तर आदल्या थंडीतच बैठकीला जा आणि बांबू तोडून पाण्यात टाका. शेळी घेताना दात, कास आणि खूर पाहा, बिल्ल्याचा क्रमांक स्वतः वहीत लिहा. पुढच्या घराला पाट देतानाही हेच पाहा. मरतुकडी पाट पुढं ढकलून अट पूर्ण केल्याची नोंद काही ठिकाणी होते, ती पशुसखीनं वजन केल्याशिवाय होऊ देऊ नये.