कोर्ट फी: तिकिटं लावावी की ऑनलाइन भरावी?

दापोलीच्या मामेभावाला बागेच्या हद्दीवरून दावा लावायचाय. कोर्ट फीची तिकिटं घ्यावी की पैसे ऑनलाइन भरावे, हे त्याचं ठरत नाही.

फी दोन्हीकडे तेवढीच, राज्याच्या १९५९ च्या कोर्ट फी कायद्याने ठरलेली. फरक पडतो तो खेपांचा. तिकिटं विक्रेत्याकडे असली तर लगेच हातात. पण रक्कम मोठी असेल तर ढीगभर चिकटवत बसा, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ती एकमेकांनाच चिकटतात. ‘ग्रास’ या राज्य सरकारच्या पैसे भरायच्या संकेतस्थळावर घरबसल्या चलन, म्हणजे भरण्याची पावती, निघतं. त्यावरचा जीआरएन, म्हणजे त्या भरण्याचा सरकारी क्रमांक, जपायचा. कोर्टात तो तपासून चलन वापरल्याची नोंद होते, मग ते दुसऱ्यांदा चालत नाही. चलन काढताना कार्यालय निवडायचं ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं. चुकलं तर परताव्याचा व्याप मागे लागतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते, तेव्हा चलनाचा पुरावा हाताशी असलेला बरा.

किरकोळ अर्जाला दहा-वीस रुपयांचं तिकीट हवं असेल तर विक्रेता गाठावा. दाव्याची मोठी फी ऑनलाइनच. आणि दावा मामीच्या नावाने असेल, तर १९९४ ची महिलांची फीमाफी लागू होते का, हे आधी वकिलांना विचारावं.