नर्सेससाठी स्ट्रेस मॅनेजमेंट वर्कशॉप: सकाळ फुकट, दुपार वसूल

रेटिंग ३/५, आणि ते तिन्ही स्टार दुपारचे.

आमच्या हॉस्पिटलने बाहेरची टीम बोलावून नर्सिंग स्टाफला हे एक दिवसाचं वर्कशॉप दिलं, अटेंडन्स कंपल्सरी, त्यामुळे मी नाईट संपवून तशीच हॉलमध्ये जाऊन बसले, कॉम्प ऑफचं बघू म्हणाले होते ते अजून बघतायत.

सकाळचे सर म्हणजे नुसत्या स्लाईड्स. पॉझिटिव्ह राहा, नातेवाइकांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं राहा. मागून आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, सर, तळ्यात पेशंट ४० आणि पानं दोनच आहेत, त्याचं काय? टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला ३ पेशंटमागे १ नर्स हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म आम्ही जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, पाठ केलेला, परीक्षेत मार्क पण मिळालेत त्याचे. सरांनी पुढची स्लाईड लावली.

जेवणानंतर मात्र ज्या मॅडम आल्या त्या स्वतः आयसीयूत काम केलेल्या, ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. खुर्च्या गोल करायला लावल्या आणि विचारलं, वॉर्डात शेवटचा पेशंट गेला तेव्हा त्याबद्दल कोणी कोणाशी बोललं का? सगळ्या गप्प. बोलणार कधी, बॉडी पॅक केली, बेड जंतुनाशकाने पुसून कार्बोलाईज केला की लगेच नवीन अ‍ॅडमिशन. मला तर एक डेंग्यूचा पोरगा आठवला आणि रडूच फुटलं, दोन वर्षं झाली त्याला. त्यांनी सांगितलं की अशा वेळी त्या शिफ्टच्या लोकांनी ५ मिनिटं उभं राहून बोलायचं, काय झालं, काय मनात राहिलं, चूक कोणाची हे नाही काढायचं. आम्ही तेव्हापासून तीनदा केलंय, ट्रॉलीपाशीच, वॉर्डात मदतीला असतात त्या मामा-मावशींना पण घेतो.

दुसरं, श्वासाचं. ४ मोजत आत, ४ धरायचा, ४ मोजत बाहेर, परत ४ थांबायचं. वेगळा वेळ कुठून आणू, पण साबणाने नीट हात धुवायला तसेही ४० ते ६० सेकंद लागतात, त्यात तीन राऊंड बसतात. चिडलेल्या नातेवाइकांसमोर जायच्या आधी करते, हात थरथरायचे कमी झालेत.

टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर पण दिला, फ्री आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं. सेव्ह करून ठेवलाय.

फीडबॅक फॉर्मवर विचारलेलं, अजून कशाने मदत होईल? नाईटला तिसरी सिस्टर, असं लिहून आले. खाली नाव पण घातलंय.