२० जागांची शाळा की १५० जागांची?
प्रवेश मिळणार की नाही, हे एकूण जागांवर नाही, उरलेल्या जागांवर ठरतं. समजा लहान शाळेत २० जागा आहेत. त्यातल्या ८ आधीच्या मुलांच्या भावंडांना गेल्या, २ शिक्षकांच्या मुलांना. बाहेरच्यांसाठी उरल्या १०. एखादं कुटुंब मागे हटलं तरच प्रतीक्षा यादी एका नावाने सरकते. १५० जागांच्या शाळेत अर्ज ढीगभर येतात, पण ऐनवेळी दुसरीकडे जाणारेही बरेच असतात. यादीतल्या १२व्या मुलाचाही नंबर लागू शकतो. मधल्या इयत्तेत मात्र दोन्हीकडे कुणी शाळा सोडली तरच जागा. म्हणून लहान शाळा मनापासून हवी असेल, तर अगदी सुरुवातीच्या वर्गालाच अर्ज करा, आणि सोबत मोठ्या शाळेतही भरा. लेकराला वर्षभर ताटकळत ठेवणं मला पटत नाही.