लंडन अ‍ॅक्वाटिक्स सेंटर: ऑलिम्पिकचा पूल, पण रोजच्या पोहणाऱ्यांसाठी

पूलला 5 पैकी 5 स्टार, डोळे झाकून. स्ट्रॅटफर्ड स्टेशनला उतरायचं, वेस्टफील्ड मॉलमधून चालत बाहेर पडलं की समोरच दिसतो. 2012 च्या ऑलिम्पिकमध्ये मायकल फेल्प्स इथेच पोहला, 15 वर्षांच्या अमेरिकन केटी लेडेकीने 800 मीटरचं गोल्ड इथेच मारलं, आणि त्याच पाण्यात आता कुणीही स्लॉट बुक करून उतरू शकतं, मेंबरशिप असलीच पाहिजे असं काही नाही.

आत 50 मीटरचे दोन पूल, एक मेन आणि एक ट्रेनिंगचा, आणि डायव्हिंगचा वेगळा. मेन पूलला 10 लेन आणि खोली 3 मीटर, त्यामुळे पाणी कसं शांत वाटतं, बाजूच्या लेनमधल्याच्या लाटा अंगावर येत नाहीत. वर आर्किटेक्ट झाहा हदीदचं ते लाटेसारखं छत, आतून लाकडी, बॅकस्ट्रोक करताना नजर तिथेच खिळते आणि आपण लेनच्या दोरीला जाऊन धडकतो. तळ वरखाली करायची आणि मधली आडवी भिंत सरकवायची सोय आहे, म्हणून एकाच वेळी एकीकडे लहान मुलांचा क्लास आणि दुसरीकडे सिरियस पोहणारे असं चालू शकतं.

मला सगळ्यात भारी काय वाटतं तर हे सगळं आधीच ठरवलेलं होतं. गेम्सच्या वेळी इथे 17,500 लोक बसायचे, पण त्यातले 15,000 च्या आसपास सीट दोन्ही बाजूंना पंखांसारख्या तात्पुरत्या जोडलेल्या भागांत होते, गेम्स संपले की ते काढून टाकले, तिथे काचा बसवल्या आणि मार्च 2014 ला 2,500 सीटचा पब्लिक पूल म्हणून उघडला. म्हणजे आधी लोकांचा पूल डोक्यात होता, ऑलिम्पिक त्यावर काही दिवसांपुरतं चढवलं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, आधी जंगी स्टेडियम बांधतात आणि मग याचं करायचं काय म्हणून मीटिंगा घेत बसतात.

सकाळी शाळेची पोरं रांगेने येतात, दुपारी म्हातारी माणसं सावकाश लांबी मारत असतात. हा लंडनचा गरीब भाग, इथली जमीन कारखान्यांनी नासवलेली होती, ती माती धुऊन काढून पार्क केलाय, विजेचे उंच टॉवर काढून तारा जमिनीखाली घातल्या. पूलमधून बाहेर येऊन कालव्याच्या कडेने चालताना हे आठवलं की छान वाटतं.

पण घरांच्या बाबतीत 2 च स्टार देईन. ऑलिम्पिकवेळी खेळाडू राहिले त्या पार्कशेजारच्या व्हिलेजची ईस्ट व्हिलेज नावाची वसाहत झाली, 2,800 च्या वर घरं, त्यातली निम्म्याच्या आसपास 'अफोर्डेबल' म्हणून, पण त्यातल्या बऱ्याच घरांचं भाडं बाजारभावाला बांधलेलं, मग न्यूहॅममधल्या, म्हणजे इथल्याच भागातल्या, साध्या पगाराच्या माणसाला ते कसं झेपणार? आणि पार्कच्या जागेवर क्लेज लेन नावाची वसाहत होती, 400 हून जास्त लोक होते, त्यांना 2007 ला उठवलं. पार्कचं कौतुक करताना ही माणसं विसरायला नकोत.

हे एवढं लिहितोय कारण 2030 ची कॉमनवेल्थ आता अहमदाबादला आहे, 2036 च्या ऑलिम्पिकसाठीही आपण प्रयत्न करतोय. आपल्याकडे बालेवाडी 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी उभं राहिलं, 2008 ला तिथे कॉमनवेल्थ युथ गेम्स झाले. तेव्हा नवीन काही बांधण्याआधी एवढंच विचारा की शेजारच्या वस्तीतल्या पोरीला तिथे पोहायला शिकायचं असेल तर कुठल्या वेळेला आणि किती पैशात, आणि याचं उत्तर नकाशा पास व्हायच्या आधी लिहून घ्या.

जाणाऱ्यांसाठी: स्लॉट ऑनलाइन बुक करा, जाण्याआधी टाइमटेबल बघा कारण स्पर्धा असली की मेन पूल बंद असू शकतो. पोहणं नुकतंच शिकला असाल तर आधी ट्रेनिंग पूल घ्या. नंतर सपाटून भूक लागते, स्ट्रॅटफर्डहून ट्यूबच्या ज्युबिली लाइनने वेस्ट हॅम आणि तिथून डिस्ट्रिक्ट लाइनने ईस्ट हॅम गाठा, गरम डोसा मिळतो.