गहू, ज्वारी, भात: अन्नद्रव्यं पानावरून द्यावीत की मातीतून?

एकरी २० क्विंटल गहू घरात आला, तर त्या दाण्यांबरोबर साधारण ४० किलो नत्र (नायट्रोजन) शेतातून बाहेर गेलेलं असतं. जस्त (झिंक) मात्र जेमतेम ६० ग्रॅम. फवारणीचा निर्णय घेण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘आता काय मारू?’ विचारलं की १९:१९:१९, १३:०:४५, ग्रेड-२ (फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण), चिलेटेड झिंक, नॅनो युरिया असं सगळं एकाच काउंटरवर मांडलं जातं आणि प्रत्येकावर ‘जोमदार वाढीसाठी’ असंच लिहिलेलं असतं. १९:१९:१९ सारखे आकडे म्हणजे त्या खतातल्या नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांची टक्केवारी. पण पिकाला सगळी अन्नद्रव्यं सारख्या प्रमाणात लागत नाहीत आणि पान ती सगळी सारख्या सहजतेने घेतही नाही. त्यामुळे ‘फवारणी चांगली की जमिनीतून दिलेलं खत चांगलं’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. अन्नद्रव्यागणिक निकाल बदलतो.

नत्र: पोट भरायचं मातीतूनच

बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी ४८ किलो. आता फवारणीचा हिशेब करू. २ टक्के युरिया म्हणजे लिटरला २० ग्रॅम. एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो युरिया जातो आणि त्यात नत्र असतं १ किलो ८४० ग्रॅम. सगळं नत्र पानावरून द्यायचं म्हटलं तर २६ फवारण्या लागतील. प्रमाण दुप्पट-तिप्पट करून हे अंतर भरून काढता येत नाही, पानांचे शेंडे करपतात. १९:१९:१९ ची तीच २ टक्के फवारणी केली तर नत्र पडतं फक्त ७६० ग्रॅम.

म्हणून अर्धं नत्र पेरणीला आणि अर्धं २१ दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं) फुटताना पहिल्या पाण्यासोबत, ही जुनी पद्धत मोडू नये. पानावरच्या युरियाचा उपयोग उशिरा होतो. दाणा दुधाळ असताना मुळांचा जोर कमी झालेला असतो, तेव्हा दिलेलं नत्र दाण्यातली प्रथिनं वाढवायला कामी येतं. क्विंटल वाढतील या आशेने मात्र ही फवारणी करू नये.

नॅनो युरियाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण या बाटलीच्या भरवशावर गोणी टाळणारे शेतकरी आहेत. २०२१ मध्ये ही बाटली बाजारात आली तेव्हा ५०० मिलीमध्ये ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम नत्र होतं आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला पर्याय म्हणून ती पुढे केली गेली. गोणीत नत्र असतं २० किलो ७०० ग्रॅम. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं चाचण्या घेतल्या. त्यात शिफारशीतलं निम्मं नत्र कापून त्याजागी नॅनो युरिया फवारल्यावर गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचं १३ टक्क्यांनी घटलं. नंतर जास्त नत्राची बाटली आली, पण तिच्यातलं नत्रही ग्रॅममध्येच मोजावं लागतं. पूर्ण खत देऊन वर ही फवारणी करायची तर करा, पण तिच्या जिवावर गोणी कमी करू नका.

लोह आणि मँगनीज: इथे पान जिंकतं

नगर, सोलापूर, मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोहाची कमतरता नेहमी दिसते. गंमत अशी की मातीत लोह भरपूर असतं, पण जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही. अशा जमिनीत फेरस सल्फेट टाकलं तर काही दिवसांतच त्याचंही तेच होतं. इथे मातीतून देणं म्हणजे पैसे गाडणं. त्यापेक्षा अर्धा ते एक टक्का फेरस सल्फेटची फवारणी सरस. पानात गेलेलं लोह तिथेच राहतं, नव्या पानाकडे फारसं सरकत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारावं लागतं. द्रावण ताजं हवं. तांबूस झालेलं द्रावण फेकून द्यावं. थोडं सायट्रिक ॲसिड घातलं तर ते जास्त वेळ टिकतं.

मँगनीजचं उदाहरण पंजाबचं आहे. तिथल्या हलक्या, वाळूसर जमिनीत वर्षानुवर्षं भात-गहू झाला आणि मँगनीज पाण्याबरोबर खाली निघून गेलं. तिथे अर्धा टक्का मँगनीज सल्फेट पहिल्या पाण्याच्या आधी एकदा आणि नंतर आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारायची शिफारस आहे. आपल्या काळ्या जमिनीत माती परीक्षणाशिवाय या वाटेला जाऊ नये.

जस्त: उत्पादन हवं की सकस दाणा?

निवड खरी अवघड होते ती जस्ताच्या बाबतीत, कारण दोन्ही बाजू भक्कम आहेत.

मातीतून एकरी १० किलो झिंक सल्फेट दिलं की २ किलो १०० ग्रॅम जस्त जमिनीत जातं. अर्धा टक्का फवारणीत, २०० लिटर पाण्यातून, जातं २१० ग्रॅम. पिकाची गरजच इतकी थोडी आहे की कागदावर एक फवारणीही पुरेशी वाटते. पण जस्ताची टंचाई सुरुवातीलाच सर्वांत जास्त नडते: मुळं फुटताना, फुटवे येताना. फवारा बसेल एवढी पानंच तेव्हा नसतात. त्यामुळे मातीत जस्त कमी असेल (परीक्षणात ०.६ पीपीएम, म्हणजे किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅम, याच्या खाली) तर पेरणीच्या वेळी मातीतून द्यावं. त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन हंगामांपर्यंत पुरतो, म्हणून दरवर्षी टाकायची गरज नाही.

फवारणीची बाजू मजबूत होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे उभ्या पिकात कमतरता दिसली तर. भातात लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर तांबूस ठिपके येऊन रोपं खुरटतात, तो खैरा. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. नेने यांनी १९६६ मध्ये हा रोग जस्ताच्या अभावाने होतो हे दाखवलं. त्यावर हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विझवलेला चुना १००० लिटर पाण्यातून फवारतात. चुन्याऐवजी २० किलो युरिया घातला तरी चालतो. चुना किंवा युरिया न घालता नुसतं झिंक सल्फेट फवारलं तर पानं भाजतात.

दुसरं ठिकाण म्हणजे दाण्यातलं जस्त. तुर्कस्तानातले शास्त्रज्ञ इस्माईल चकमक यांच्या पुढाकाराने भारत, चीन, पाकिस्तान, मेक्सिको, तुर्कस्तान, कझाकस्तान आणि झांबिया या सात देशांत गव्हावर प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. जस्त न दिलेल्या गव्हात किलोमागे २७ मिलिग्रॅम जस्त होतं. पानावरून दिल्यावर ते ४८ झालं. माती आणि पान दोन्हींतून दिलं तर ४९. म्हणजे मातीतल्या जस्ताने दाण्यात जवळजवळ काहीच भर घातली नाही. दाणा भरू लागण्याच्या सुमारास केलेली फवारणीच इथे कामी येते. ज्या घरात तिन्हीत्रिकाळ चपाती-भाकरीच जेवणाचा आधार आहे, त्या घरातल्या वाढत्या मुलांसाठी हा फरक मोठा आहे. बाजार या जस्ताचा एक रुपयाही जास्त देत नाही हे खरं, पण घरी खायला ठेवलेल्या गव्हावर ही फवारणी जरूर करावी असं माझं मत आहे.

पालाश आणि उन्हाचा तडाखा

मार्च २०२२ मध्ये उष्णतेची लाट आली, उत्तरेतला गहू चिमला आणि मे महिन्यात केंद्राला निर्यात थांबवावी लागली. अशा उन्हासाठी पंजाब कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजेच १३:०:४५ ची. एकरी ४ किलो २०० लिटर पाण्यातून, एकदा पीक पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणात) असताना आणि एकदा फुलोऱ्यात. आपल्याकडे डिसेंबरात पेरलेला गहू दरवर्षीच या तडाख्यात सापडतो, त्यामुळे उशिरा पेरणाऱ्याने हा खर्च करायला हरकत नाही. १५ नोव्हेंबरच्या आत पेरलेल्या, वेळेवर पाणी मिळालेल्या गव्हाला मी तो करणार नाही.

स्फुरदाचं उत्तर एका ओळीत देता येतं: ते पेरणीलाच, बियाण्याच्या खाली पडलं पाहिजे. ०:५२:३४ ने मागाहून ती भरपाई होत नाही.

जिरायती ज्वारी आणि कोकणातला भात

मालदांडी या रब्बी ज्वारीचं रान जानेवारीत वरून वाळलेलं असतं आणि ओल खाली गेलेली असते. तेव्हा टाकलेला युरिया कोरड्या थरात पडून राहतो, मुळं त्याच्यापर्यंत येत नाहीत. म्हणून जिरायती ज्वारीला सगळं खत दोन चाड्यांच्या पाभरीने पेरतानाच द्यायचं. मधेच भूक दिसली तर २ टक्के युरियाची फवारणी हाच मार्ग उरतो, कारण पानाला मातीतल्या ओलीची वाट बघावी लागत नाही. पण ती ज्वारी कमरेएवढी असेपर्यंतच. पुढे डोक्यावर गेलेल्या पिकात पंप घेऊन शिरणं माणसाच्या डोळ्यांना आणि अंगाला त्रासाचं होतं.

कोकणात चित्र उलटं आहे. जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत पाणी साचलं की लोह इतकं विरघळतं की फवारायची गरजच पडत नाही. शिवाय जुलैच्या धारेत पानावर मारलेलं काहीच टिकत नाही. तिथे युरिया-डीएपीच्या गोळ्या जास्त शहाणपणाच्या. भात लावणीच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी चिखलात खोल खोचतात, ती हळूहळू विरघळते आणि नत्र वाहूनही जात नाही.

फवारायचं ठरलंच तर

आधी पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते पाहा. जुनी, खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडली तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. मक्याच्या नव्या पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे आले तर जस्त. आणि पाणी साचून आलेला पिवळेपणा वाफसा आला की आपोआप जातो. अशा वेळी मारलेल्या बाटलीला उगाच श्रेय मिळतं.

झिंक सल्फेट आणि ०:५२:३४ एका टाकीत घालू नये, साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. द्रावण पानावर जितका वेळ ओलं राहील तितकं जास्त आत शिरतं. गव्हाच्या पानावर मेणाचा थर असतो, म्हणून द्रावण पानाला चिकटवणारं स्टिकर घालावं.

ड्रोनवाल्याकडून खत मारून घेणाऱ्यांनी एक हिशेब नक्की करावा. ड्रोन एकरी १० लिटरच्या आसपास पाणी टाकतो. २ टक्के प्रमाण ठेवलं तर एकरी अवघा २०० ग्रॅम युरिया पडतो. ४ किलो घालायला गेलं तर द्रावण ४० टक्क्यांचं होतं आणि पीक जळतं. सूक्ष्म अन्नद्रव्याची हलकी मात्रा ड्रोनने देता येईल, पण तीही लेबलवर ड्रोनसाठीचं प्रमाण दिलं असेल तरच.

कुठलंही खत पहिल्यांदा फवारताना शेताच्या मधोमध, बांधापासून दूर, पंपाच्या दोन पट्ट्यांएवढी जागा कोरडी सोडा आणि चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका. मळणीला तेवढ्याच क्षेत्राचा फवारलेला आणि न फवारलेला गहू वेगळा मळून तोला. पुढच्या वर्षी त्या खतावर पैसे घालायचे की नाही, ते त्या वजनावरून ठरवा.